अबोल्याचं व्हेरिएबल

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस आगारात वेळापत्रकं बसवण्याचं काम ते इतकी वर्षं आणि इतक्या निष्ठेने करत होते, की खरं नाव फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वेळ थांबेल, चालकाने चहा कधी प्यायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं असे. बस त्यांचं ऐकत नसत, ही गोष्ट वेगळी. निदान घराने तरी ऐकावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

आणि घर ऐकू लागलं. दिवे, पंखे, पडदे, वॉशिंग मशीन आणि प्रत्येक खोलीत एक बोलका स्पीकर असं सगळं त्यांनी एकमेकांना जोडलं. सुरुवातीचे नियम साधे होते. अंधार पडला की दिवा लाव, खोली रिकामी झाली की पंखा बंद कर. पण साध्यावर भागलं तर ते मिनिटराव कसले. लवकरच त्यांना व्हेरिएबलचा शोध लागला. म्हणजे जगाला तो फार पूर्वी लागला होता, मिनिटरावांना त्या महिन्यात लागला, आणि मग त्यांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

ऐकून घेणारं हक्काचं माणूस म्हणजे सासूबाई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ‘चालता येईपर्यंत’ म्हणून त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. गुडघा केव्हाच चालू लागला होता, पण ते त्यांच्या लक्षात आणून देण्याची हिंमत कोणात नव्हती आणि इच्छाही नव्हती.

“आई, व्हेरिएबल म्हणजे डबा,” मिनिटराव त्यांना समजावू लागले. “बाहेर नाव चिकटवलेलं असतं, ते कायम. आतली वस्तू बदलते. आता ‘घरात किती माणसं’ हा एक डबा. आपण सगळे घरात असलो की त्यात तीन. मी आगारात गेलो की दोन. मग प्रत्येक दिव्याला वेगळं सांगत बसायला नको. दिवा डब्यात डोकावतो आणि काय ते ठरवतो.”

“म्हणजे घरात कोण आहे, कोण नाही, हे दिव्याला कळतं.”

“अगदी बरोबर.”

“आणि तुम्हाला कळावं म्हणून कुठला डबा आहे, जावईबापू?” सासूबाईंनी विचारलं आणि त्या मटार सोलत राहिल्या.

जावईबापू हसले. त्यांना तो विनोद वाटला.

त्यांची बायको रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती. आखडलेले खांदे, गुडघे, माना हलवण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. आखडलेला नवरा मात्र तिच्या शास्त्रात बसत नव्हता. एका संध्याकाळी जेवायच्या टेबलावर तिने सांगितलं, की दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने तिला विभागप्रमुख म्हणून बोलावलं आहे, दोन वर्षांसाठी. हे सांगताना तिचा आवाज थोडा कापत होता. आनंदाने की भीतीने, ते ओळखायला समोरच्याने वर बघायला हवं होतं. समोरचा फोनवर पडद्यांचा नियम दुरुस्त करत होता.

“हं,” मिनिटराव म्हणाले. “मग ‘घरात किती माणसं’मधून एक वजा करावा लागेल. सोपं आहे.”

आता खरं सांगायचं तर त्यांना ऐकूनच पोटात धस्स झालं होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते बोलले, आणि बोलायला गेल्यावर त्यांच्या तोंडून नेहमी जे बाहेर पडायचं तेच पडलं. पण पोटातलं धस्स कोणाला ऐकू जात नाही, तोंडातलं जातं. बायकोने ताट उचललं, बेसिनमध्ये ठेवलं आणि ती झोपायच्या खोलीत निघून गेली. घरात अबोला सुरू झाला.

अबोला या घराला नवा नव्हता. पूर्वी त्याचा एक शिरस्ता होता. सगळा कारभार सासूबाईंमार्फत चाले. “आई, तुझ्या जावयाला सांग, गॅस संपलाय.” “आई, तुमच्या लेकीला सांगा, मला ऐकू आलंय.” सासूबाई निरोप पोचवत, पण जाता जाता त्याला तिखटमीठ लावत. मग तो निरोप दुरुस्त करण्यासाठी तरी दोघांना समोरासमोर यावं लागे. नाहीतर मिनिटरावांचा चष्मा हरवे. तो कुठे आहे हे जगात एकाच व्यक्तीला ठाऊक असे. “माझा चष्मा पाहिलास का?” या वाक्यावर त्या घरातले निम्मेअधिक तह झाले होते.

या वेळी मिनिटरावांकडे व्हेरिएबलं होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी ‘अबोला’ नावाचं एक बनवलं. त्यात दोनच गोष्टी राहू शकत: हो किंवा नाही. अबोला ‘हो’ असला की हॉलमधले दिवे मंद, बारीक आवाजात वाद्यसंगीत, आणि एक जण खोलीत असताना दुसरा दारात आला तर स्पीकर अदबीने म्हणे, “कृपया थोड्या वेळाने या.” दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘निरोप’ नावाचं दुसरं बनवलं. “घरा, निरोप,” एवढं म्हणून जे सांगायचं ते सांगितलं, की ते त्या डब्यात जाऊन पडे. क्षणभराने समोरचं माणूस ज्या खोलीत असेल तिथला स्पीकर ते वाचून दाखवे. गॅस, दूध, विजेचं बिल, सगळं स्वच्छ आणि तिखटमीठ न लावता पोचू लागलं. चष्म्यालासुद्धा त्यांनी एक छोटा बिल्ला चिकटवला. हाक मारली की चष्मा स्वतःच किणकिणे.

बायकोनेही पहिल्या दिवशी जरा भुवया उंचावल्या आणि मग तीच यंत्रणा वापरायला सुरुवात केली. हट्टात तीही काही कमी नव्हती. सासूबाईंची पोस्टमनकी सुटली. “चला, रिटायर झाले,” त्या म्हणाल्या आणि दोघांकडेही पाठ करून टीव्हीसमोर बसल्या.

अबोला झकास चालला. मिनिटरावांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. आयुष्यात त्यांचं कुठलंही वेळापत्रक इतकं सुरळीत चाललं नव्हतं. कशाला काही अडत नव्हतं, कोणी कोणाला धडकत नव्हतं, आणि नेमकी तीच पंचाईत होती. पूर्वीचे अबोले मोडायचे ते काहीतरी अडलं म्हणून. आता अडण्यासारखं मिनिटरावांनी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. हे त्यांच्या ध्यानात यायला तब्बल एक आठवडा लागला, आणि आलं तेव्हाही त्यांनी ते यशाच्याच खात्यात मांडलं.

दरम्यान बायको फोनवर मैत्रिणीशी बोलताना त्यांनी ऐकलं. रुग्णालयाला शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. “बघते,” ती मैत्रिणीला म्हणाली. “एक गोष्ट व्हायची वाट बघतेय.” ती गोष्ट कोणती हे मिनिटरावांना समजलं नाही असं नाही. समजलं, आणि समजल्यावर त्यांनी ठरवलं की या वेळी आपण आधी बोलायचं नाही. दर वेळी तीच आधी बोलते, याही वेळी बोलेल. या ठरवण्यामागे काही विचार होता का, असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी विषय बदलला असता.

तरी तयारी असावी म्हणून गुरुवारी सकाळी दाढी करताना त्यांनी आरशासमोर वाक्य म्हणून पाहिलं. “तू गेलीस तर मला करमणार नाही.”

“मला समजलं नाही,” बाथरूममधला स्पीकर म्हणाला. “पुन्हा सांगाल का?”

मिनिटरावांनी ते पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने आणि शब्द सुटे सुटे करून. स्पीकरला तरीही समजलं नाही. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडल्यावर आपण ही कबुली कोणासमोर देत आहोत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी मुकाट्याने तोंड धुतलं. जे बायकोला सांगायचं ते गीझरशेजारच्या डबीला सांगून झालं होतं. चला, सरावाला सुरुवात तर झाली, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत काढली. स्वतःची समजूत काढण्यात त्यांचा हातखंडा होता.

शुक्रवारी मिनिटरावांची साप्ताहिक सुट्टी. बायकोनेही त्या दिवशी रजा घेतली होती. म्हणजे संधीच संधी. दोघं दिवसभर त्याच चार खोल्यांत फिरत होती आणि घर त्यांना अतिशय कौशल्याने एकमेकांपासून दूर ठेवत होतं. ती हॉलमध्ये आली की त्यांच्या मनगटावरचं घरालाच जोडलेलं घड्याळ हलकेच थरथरे आणि ते स्वयंपाकघरात सरकत. ही सोयसुद्धा त्यांचीच.

साडेपाचच्या सुमाराला ते हॉलमधल्या खुर्चीत पेपर धरून बसले होते. वाचत नव्हते, नुसता धरला होता. स्वयंपाकघरात बायकोचा काहीतरी पुटपुटण्याचा आवाज आला. त्यांनी कान टवकारले. क्षणभराने हॉलमधल्या स्पीकरने घसा साफ केल्यासारखा तो ओळखीचा सूर काढला. निरोप येत होता. मिनिटरावांनी पेपर खाली ठेवला.

“कपडे धुऊन झाले आहेत,” स्पीकर म्हणाला. “कृपया वाळत घाला.”

बस्स, एवढंच. मिनिटरावांना वाईट वाटलं, पण पाठोपाठ थोडं बरंही वाटलं. सहा वाजायला आले तरी ती कपड्यांचं बोलते आहे म्हणजे बहुधा जायचं रहित केलं असणार. उगाच का कोणी चाललेलं माणूस चादरींची काळजी करतं. त्यांनी हे अनुमान स्वतःला ऐकवलं, ते पटलं, आणि मग त्यांना कामाचा हुरूप आला. मशीनमधले कपडे बादलीत काढून ते गॅलरीत गेले. शर्ट झटकले, टोकाला टोक जुळवलं, चिमटे रंगांप्रमाणे लावले. जोडीच्या चिमट्यांचे रंग सारखे हवेत, हा त्यांचा आग्रह. मध्येच स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको आपल्याकडे बघते आहे असं त्यांना जाणवलं. दिसू दे, म्हणून त्यांनी पाठ आणखी ताठ केली आणि मोठी चादर एकट्याने, अजिबात सुरकुती पडू न देता, दोरीवर घातली. मागे वळून पाहिलं तर ती खिडकीत नव्हती.

थोड्या वेळाने सासूबाई गॅलरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मी मध्ये पडणार नव्हते,” त्या म्हणाल्या. “रिटायर माणसाने पडू नये. पण जावईबापू, तिने एवढं विचारलं आणि तुम्ही चिमटे लावताय.”

“काय विचारलं? कपडे वाळत घालायला सांगितलं तिने.”

“कपड्यांचं तिने कुठे सांगितलं? मी भाजी चिरत होते, शेजारीच उभी होती ती. म्हणाली, ‘घरा, निरोप. सहा वाजता मी हो कळवणार आहे. तुला काही म्हणायचं असेल तर आत्ता येऊन म्हण. काहीही म्हण.’ असं म्हणाली.” सासूबाईंनी या वेळी तिखटमीठ लावलं नव्हतं. “मग पाच मिनिटं खिडकीत उभी राहून तुमच्याकडे बघत होती.”

मिनिटरावांच्या हातातला ओला मोजा तसाच राहिला. काय झालं ते त्यांना त्याच क्षणी लख्ख समजलं, कारण ही चूक दुसरं कोणी करूच शकत नव्हतं. निरोपांसाठी त्यांनी एकच डबा बनवला होता. माणसांनाही तोच आणि यंत्रांनाही तोच. वॉशिंग मशीनला वेगळा डबा देण्याचा त्यांनी कंटाळा केला होता; म्हटलं, एवढ्याशा कामाला कशाला. डब्यात एका वेळी एकच गोष्ट राहते. नवी आली की जुनी पुसली जाते. बायकोने निरोप ठेवला आणि तो वाचला जाण्याआधीच, त्या एका क्षणात, मशीनचं काम संपलं. मशीनने आपला निरोप वर ठेवला. बायकोचा गेला.

सासूबाईंना दिलेलं डब्याचं व्याख्यान आठवून त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पण हातात मोजा होता, आणि वेळ नव्हता.

झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी ते उघडलं.

“कृपया थोड्या वेळाने या,” खोलीतला स्पीकर म्हणाला.

बायको पलंगावर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. तिने वर पाहिलं. पडदे ओढलेले, दिवा मंद, कोपऱ्यातून बासरी चालू. घर आपल्या मालकाचा हुकूम इमानाने पाळत होतं.

“तुझा निरोप मला मिळाला नाही,” मिनिटराव म्हणाले. “मशीनचा मिळाला. माझी चूक आहे. डबा एकच होता.”

“कृपया थोड्या वेळाने या,” स्पीकर म्हणाला.

“तू गप्प बस,” मिनिटराव त्याला म्हणाले, आणि मग घाईने बायकोकडे वळले, “तुला नाही. मला म्हणायचं होतं... मी म्हणायचं ठरवलं होतं...” गुरुवारी एवढा सराव केलेलं वाक्य ऐनवेळी दगा देऊन गेलं. “तुला जायचंय का? हे मी त्या दिवशी विचारायला हवं होतं. जायचंय का तुला?”

ती त्यांच्याकडे, त्यांच्या हातातल्या मोज्याकडे बघत राहिली.

“अरे,” ती म्हणाली, “मी पाठवलं. तू चादर घालत होतास ना, तेव्हाच.”

ती एवढं बोलली आणि घरात दिवाळी आल्यासारखा उजेड झाला. खोलीतले, हॉलमधले, गॅलरीतले सगळे दिवे एकदम लागले. पडदे झरझर बाजूला सरकले. बासरी थांबली आणि प्रत्येक स्पीकरवर लग्नाच्या व्हिडिओतलं बँडचं संगीत सुरू झालं. हॉलमधून टीव्ही बंद पडल्याबद्दल सासूबाईंची तक्रार ऐकू आली.

मिनिटरावांनी धावत जाऊन ते बंद केलं. परत आले तेव्हा बायको विचारात पडलेली होती. ती हुशार होती. आगारातल्या एकाही माणसाने जो प्रश्न विचारला नसता तो तिने विचारला.

“तू मघापासून बोलतो आहेस. मग दिवे मी बोलल्यावरच का लागले?”

मिनिटराव मोज्याला पीळ घालू लागले.

“नियम तसा आहे,” ते म्हणाले. “आपण दोघं एका खोलीत असताना तू ‘अरे’ म्हणालीस, की अबोला ‘नाही’ होतो.”

“आणि तू आधी बोललास तर?”

“ते लिहिलेलं नाही.”

“का?”

इथे त्यांना पाच-सहा उत्तरं सुचली, सगळी तांत्रिक आणि बऱ्यापैकी पटण्यासारखी. मोज्यातून पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं.

“तशी वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं,” ते म्हणाले.

ती हसली. हसू चांगलं होतं असं म्हणवत नाही, पण हसली. मग लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला.

“तुला काय वाटतं, मी तुझ्या परवानगीसाठी थांबले होते? तू नको म्हणाला असतास तरी मी गेले असते. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते काम आहे. मला फक्त तुझ्याशी भांडायचं होतं. तू म्हणायचंस, माझं काय, मी म्हणायचं, तुझं काय, आईचं काय. रडारड व्हायची. आणि तू मला काय दिलंस? बासरी.”

मिनिटराव पलंगाच्या कडेवर बसले. आतापर्यंत त्यांना वाटत होतं की आधी बोललो तर आपण हरू म्हणून घाबरलो होतो. आता कळलं, भीती वेगळीच होती, आणि ती इतकी मूर्खपणाची होती की सांगायलाही लाज वाटत होती. तरी त्यांनी सांगितलं.

“एक वजा केल्यावर काय होतं, ते मी त्याच रात्री चालवून बघितलं,” ते म्हणाले. “माणसं दोन केली. सगळं नीट चाललं. एकसुद्धा दिवा चुकला नाही. तू नसलीस तरी घर चालतं. मला वाटलं होतं की काहीतरी बिघडेल. बिघडावं असं मला फार वाटत होतं.”

बाहेर गॅलरीत चादर वाऱ्याने फडफडत होती.

“हे त्या रात्री सांगितलं असतंस तर?” ती म्हणाली.

“तर गेली नसतीस?”

“गेलेच असते,” ती म्हणाली. “पण तुला सोडून जातेय असं वाटलं असतं. आता नुसती जातेय.”

मिनिटरावांनी मोजा खाली ठेवला आणि तिचा हात धरला. त्यांचा हात ओला होता आणि गार होता. तिने तो सोडवून घेतला नाही.

“जायला महिना आहे अजून,” ती म्हणाली. “भांड माझ्याशी.”

“कशावरून?”

“कशावरूनही. पण सुरुवात तू कर.”

सासूबाई दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं, जमिनीवरच्या पाण्याकडे पाहिलं, आणि न बोलता दार ओढून घेतलं. आत मिनिटराव खाकरले, दोनदा तोंड उघडून मिटलं आणि मग मोठ्या आवाजात म्हणाले, “मला विचारल्याशिवाय तू हो म्हणालीसच कशी?”